पाण्याचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ : याकोबुस व्हान्ट हॉफ

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या शाखेला घालायचे? मुलीला पुढे शिकवायचे तर काय शिकवायचे? वडील एक म्हणतात, मामू दुसरे सुचवतात, शेजारी तिसराच कोर्स सांगतात. ज्याला शिकायचे आहे त्याला सर्वांत शेवटी विचारले जाते, आणि पुष्कळदा विचारलेच जात नाही. यात पालकांचा दोष आहे असे नाही. घरची कमाई बेताची, पाठीमागे धाकटी भावंडे, तेव्हा शिक्षण संपताच चार पैसे घरात यावेत ही अपेक्षा रास्तच आहे.

हाच प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात एका डॉक्टरांच्या घरीही पडला होता. तो ज्या मुलाबद्दल पडला होता, त्याने पुढे जगातील रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांचे नाव याकोबुस हेन्रिकुस व्हान्ट हॉफ. झाडाच्या मुळात पाणी कोणत्या जोराने शिरते, रक्तातील पेशी साध्या पाण्यात का फुटतात, या प्रश्नांचे हिशेबी उत्तर ज्या नियमामुळे मिळाले, तो नियम त्यांनी शोधून काढला. विद्यार्थ्यांना हे नाव पाठ्यपुस्तकात एका सूत्रापुरते भेटते. त्या सूत्रामागचे आयुष्य पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोघांनीही जाणून घ्यावे असे आहे.

बालपण आणि घरातील प्रयोग

व्हान्ट हॉफ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी रॉटरडॅम येथे झाला. सात भावंडांत ते तिसरे. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. घरात पुस्तके होती, वाचनाची आवड होती. मुलाला निसर्गाचे वेड होते, कविता आवडत, पण शाळेत रसायनशास्त्राचे प्रयोग पाहिल्यावर त्याचे मन तिथेच रमले. ते इतके रमले की रविवारी शाळा बंद असताना हा मुलगा प्रयोगशाळेत चोरून शिरू लागला आणि स्फोटक व विषारी पदार्थांशी खेळू लागला. एके दिवशी तो पकडला गेला.

गोष्ट वडिलांच्या कानावर गेली. मुलाचे वागणे चुकीचे होते आणि धोक्याचेही होते. पण वडिलांनी त्या चुकीमागची ओढ ओळखली आणि प्रयोगांसाठी त्याला घरीच जागा करून दिली. ओळखीची मंडळी प्रयोग पाहायला येत, त्यांच्याकडून हा मुलगा थोडे पैसे घेई आणि त्यातून पुढचे साहित्य आणी.

साखर कारखान्यातील सुट्टी

इतके असूनही पुढील शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा घरात मतभेद झालेच. मुलाला रसायनशास्त्र शिकायचे होते. नुसत्या शास्त्रावर पोट कसे भरणार, ही शंका वडीलधाऱ्यांना होती. अखेर तडजोड निघाली. १८६९ मध्ये त्यांना डेल्फ्ट येथील तंत्रशाळेत घालण्यात आले. तेथे रसायनशास्त्रही होते आणि कारखान्यात नोकरी मिळवून देणारी पदविकाही होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि १८७१ मध्ये ते पदविका घेऊन बाहेर पडले.

त्याच काळात एका सुट्टीत त्यांनी साखर कारखान्यात काम केले. हॉलंडमध्ये साखर बीटपासून करतात. रोज तोच रस, तीच तपासणी, तेच आकडे. जन्मभर हेच करावे लागेल या कल्पनेने त्यांचे मन उदास झाले, आणि शुद्ध शास्त्राकडे वळण्याचा त्यांचा निश्चय झाला. गंमत अशी की पुढे ज्या शोधाने त्यांचे नाव अजरामर झाले, त्याचा पाया साखरेच्या पाण्याचे आकडे हाच होता! कारखान्यात ते आकडे कंटाळवाणे वाटले, कारण त्यांच्यापुढे तेव्हा कोणताही प्रश्न नव्हता.

मग त्यांनी लायडेन येथे एक वर्ष मुख्यतः गणिताचा अभ्यास केला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणितासाठी वर्ष घालवणे त्या काळी अनेकांना विचित्र वाटले असेल. नंतर ते बॉन येथे केकुले आणि पॅरिस येथे वुर्ट्झ या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे शिकले. १८७४ मध्ये मायदेशी परतून उट्रेख्ट विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली.

एक लहानशी पुस्तिका आणि मोठा उपहास

डॉक्टरेटचा प्रबंध अगदी चाकोरीतला होता. पण त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी बारा-तेरा पानांची एक पुस्तिका छापली. कार्बनच्या अणूला जोडलेले चार अणू कागदावर दाखवतात तसे सपाट नसतात, तर चार कोपऱ्यांच्या घनाकृतीच्या टोकांकडे चार दिशांना पसरलेले असतात, असे त्यांनी त्यात मांडले. त्याच वर्षी ल बेल या फ्रेंच शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. आज अकरावी-बारावीचा विद्यार्थी हे सहज शिकतो. त्या वेळी ती केवळ कल्पना होती. लोकांना समजावे म्हणून व्हान्ट हॉफ यांनी पुठ्ठ्याच्या लहान आकृती स्वतः बनवून नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या.

पुढची दोन वर्षे त्यांना कायमची नोकरी मिळाली नाही. ते खासगी शिकवण्या घेत. १८७६ मध्ये उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेत अध्यापकाची जागा मिळाली. तेथे असतानाच, १८७७ मध्ये, जर्मनीतील लाइपझिगचे प्रख्यात प्राध्यापक कोल्बे यांनी आपल्या मासिकातून त्यांच्यावर अत्यंत बोचरी टीका केली. पशुवैद्यक शाळेतल्या या कोणा मनुष्याला काटेकोर संशोधनाचे वावडे असून तो शाळेतून उसना घेतलेल्या पंखांच्या घोड्यावर बसून कल्पनेच्या आकाशात भटकतो आहे, असा तिचा मतितार्थ होता. तरुण माणसाचे मन मोडावे अशीच ही टीका होती.

व्हान्ट हॉफ भांडत बसले नाहीत. १८७७ मध्ये ते अॅम्स्टरडॅम विद्यापीठात अध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्राध्यापक. १८७८ च्या अखेरीस योहाना मेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्राध्यापकपद स्वीकारतानाच्या भाषणासाठी त्यांनी विषय घेतला तो विज्ञानातील कल्पनाशक्तीचा. सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून त्यांनी दाखवले की मोठमोठ्या शोधकांच्या ठायी कल्पनाशक्ती विपुल होती. कोल्बे यांना उत्तर मिळाले, पण त्यांच्याच भाषेत नव्हे.

रस्त्यात भेटलेला प्रश्न

आता आपण त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. त्यासाठी आधी स्वयंपाकघरात एक फेरी मारू.

ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्यासाठी खारीक पाण्यात भिजत घालतात. सकाळी ती फुगून टपोरी झालेली दिसते. उलट कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले तर तासाभरात फोडी आक्रसतात आणि भांड्यात पाणी सुटते. मासे खारवताना हेच घडते. एकीकडे पाणी आत गेले, दुसरीकडे बाहेर आले. खारकेत साखर आहे आणि बाहेर नुसते पाणी, म्हणून पाणी आत शिरले. कैरीत पाणी आहे आणि बाहेर तीव्र खारे द्रावण, म्हणून ते बाहेर पडले. मधे एक पडदा असतो. तो पाण्याला वाट देतो, पण साखर-मिठाला सहजी देत नाही. अशा पडद्यातून पाणी विरल बाजूकडून संहत बाजूकडे, म्हणजे कमी विरघळलेल्या पदार्थाकडून जास्त विरघळलेल्या पदार्थाकडे जाते. याला परासरण म्हणतात. काही मराठी ग्रंथांत तर्षण असाही शब्द आहे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना १७४८ पासून ठाऊक होती. त्या वर्षी फ्रान्समधील नोले यांनी दारूने भरलेले भांडे जनावराच्या मूत्राशयाचा पडदा बांधून पाण्यात ठेवले, तेव्हा पडदा फुगून वर आलेला दिसला. १८२६ च्या सुमारास फ्रान्समधीलच द्युत्रोशे यांनी सजीवांच्या पेशींत हीच क्रिया चालते हे ओळखले. पाणी जाते हे कळले होते. ते किती जोराने जाते आणि तो जोर कशावर अवलंबून असतो, हे मात्र कळले नव्हते.

१८७७ मध्ये, म्हणजे कोल्बे टीका करीत होते त्याच वर्षी, विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हा जोर मोजला. त्यांनी झिलई नसलेले सच्छिद्र मातीचे भांडे घेतले आणि त्याच्या भिंतीतच कॉपर फेरोसायनाइड या पदार्थाचा पातळ थर जमवला. हा थर पाणी जाऊ देतो, साखर अडवतो. भांड्यात साखरेचे पाणी भरून ते बंद केले, पारा भरलेली नळी जोडली आणि भांडे शुद्ध पाण्यात ठेवले. बाहेरचे पाणी आत शिरू लागले, आतला दाब वाढला आणि पारा चढला. एका विशिष्ट उंचीला तो थांबला. पाणी आत ओढणारा जोर आणि पाऱ्याचा दाब यांची तेथे बरोबरी झाली. हाच परासरण दाब.

फेफर यांना आढळलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. साखरेचे १ टक्का द्रावण घेतले तेव्हा पारा ५३५ मिलिमीटर चढला, २ टक्क्यांना १,०१६, ४ टक्क्यांना २,०८२, आणि ६ टक्क्यांना ३,०७५. साखर दुप्पट की दाब जवळजवळ दुप्पट. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. म्हणजे ६ टक्के साखरेचे पाणी हवेच्या चौपट दाबाने पाणी ओढत होते! द्रावण थोडे गरम केले की दाब थोडा वाढे, हेही फेफर यांनी नोंदवले होते.

हे आकडे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात होते. रसायनशास्त्रज्ञ ते पुस्तक उघडत नव्हते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना त्या आकड्यांत दडलेला नियम दिसत नव्हता.

अॅम्स्टरडॅम विद्यापीठात ह्यूगो द व्हरीस हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पानाच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत बुडवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. द्रावण तीव्र असले की पेशीतले पाणी बाहेर येई आणि आतले जिवंत द्रव्य भिंतीपासून सुटून आक्रसे. द्रावण विरल असले की पेशी पुन्हा ताठ होई. पेशी जेथे नुकती आक्रसू लागते तेथे आतला आणि बाहेरचा जोर समान असतो, हे ओळखून जिवंत पेशीचाच त्यांनी तराजू केला होता.

व्हान्ट हॉफ त्या काळात वेगळ्याच प्रश्नात गुंतले होते. काही क्षार स्फटिक होताना पाणी धरून ठेवतात. ते पाणी किती बळाने धरलेले असते, हे त्यांना मोजायचे होते. या विचारात ते प्रयोगशाळेतून बाहेर पडले असता रस्त्यात त्यांना द व्हरीस पतिपत्नी भेटले. व्हान्ट हॉफ यांनी आपली अडचण सांगितली, आणि द व्हरीस यांनी त्यांना फेफर यांच्या मातीच्या भांड्याची आणि त्या आकड्यांची माहिती दिली. ही हकिगत व्हान्ट हॉफ यांनी पुढे १८९४ मध्ये स्वतः सांगितली.

वायू आणि द्रावण यांचा एकच नियम

आकडे हाती येताच व्हान्ट हॉफ यांना त्यांत ओळखीचा चेहरा दिसला. वायूंचे नियम तेव्हा पक्के माहीत होते. ठराविक जागेत वायू दुप्पट भरला की दाब दुप्पट होतो. तापमान एक अंशाने वाढवले की शून्य अंशाला असलेल्या दाबाच्या सुमारे २७३ व्या भागाने दाब वाढतो. साखरेच्या पाण्यातही अगदी तसेच घडत होते.

मग त्यांनी हिशेब केला. १ टक्का साखरेच्या एक लिटर द्रावणात साखरेचे जितके रेणू आहेत, तितकेच वायूचे रेणू एक लिटर मोकळ्या जागेत भरले तर दाब किती येईल? आपणही तो करून पाहू शकतो. सुमारे १४ अंश सेल्सिअस तापमानाला उत्तर येते पाऱ्याचे सुमारे ५२० मिलिमीटर. फेफर यांच्या मातीच्या भांड्याने दाखवले होते ५३५! पाण्यात विरघळलेली साखर जणू तितक्याच जागेत वायू होऊन राहिली असती, तर तिचा जो दाब आला असता, तोच तिचा परासरण दाब असतो. हा नियम त्यांनी १८८५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखरेचे रेणू वायूसारखे पडद्यावर आदळतात आणि पाणी ओढतात, असा याचा अर्थ नाही. पाण्याचे रेणू पडद्यातून दोन्हीकडे सतत ये-जा करीत असतात. साखर मिसळलेल्या बाजूला पाण्याची निसटण्याची प्रवृत्ती कमी होते, म्हणून तिकडून येणारे थोडे आणि तिकडे जाणारे जास्त, असा हिशेब होतो. हा फरक विरघळलेले कण किती आहेत यावर ठरतो. ते कण कशाचे आहेत याला विरल द्रावणात फारसे महत्त्व नसते. द्रावण फार संहत झाले की हा साधा नियम ढळतो, हेही खरे.

आता झाडाचे रहस्य उलगडले. मुळांच्या केसांतील पेशींत क्षार आणि साखर असते, जमिनीतील पाणी त्या मानाने विरल असते, म्हणून पाणी आत जाते. पेशीला कणखर भिंत असते, त्यामुळे ती फुटत नाही, ताठ होते. कोवळे रोप उभे राहते ते याच ताठपणावर. पाणी न देता रोपाच्या बुंध्याशी खत जास्त पडले तर रोप करपते, कारण जमिनीतील पाणीच मुळापेक्षा संहत होते आणि वाट उलटी फिरते.

मिठाचे कोडे

साखरेला नियम लागू पडला. मिठाला मात्र पडेना. मिठाच्या द्रावणाचा दाब हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट येई. द व्हरीस यांनाही पानांच्या पेशींवर क्षारांचा परिणाम साखरेपेक्षा अधिक दिसला होता. व्हान्ट हॉफ यांनी ही अडचण झाकली नाही. आपल्या सूत्रात त्यांनी एक जादा गुणक घातला. तो का लागतो याचे उत्तर तेव्हा त्यांच्याजवळ नव्हते.

ते उत्तर आले १८८७ मध्ये स्वीडनहून. स्वान्ते आऱ्हेनियस या तरुण शास्त्रज्ञाने त्यांचा निबंध वाचला आणि पत्राने कळवले की मीठ पाण्यात विरघळताच त्याचे दोन विद्युत्भारित तुकडे, म्हणजे आयन, होतात. कण दुप्पट, म्हणून दाबही दुप्पट. आऱ्हेनियस यांच्या कल्पनेवरही त्यांच्या देशात कोणी फारसा विश्वास ठेवला नव्हता. व्हान्ट हॉफ यांच्या आकड्यांनी तिला बळ दिले. त्याच वर्षी व्हान्ट हॉफ आणि ऑस्टवाल्ड यांनी भौतिक रसायनशास्त्राचे नवे नियतकालिक सुरू केले, आणि एक नवी ज्ञानशाखा उभी राहिली. १८८७ मध्येच लाइपझिग विद्यापीठाने व्हान्ट हॉफ यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. दहा वर्षांपूर्वी त्यांची टिंगल झाली होती ती याच लाइपझिगमधून. ते गेले नाहीत. अॅम्स्टरडॅमने त्यांना नवी प्रयोगशाळा बांधून देण्याचे कबूल केले, आणि ती १८९१ मध्ये उभी राहिली.

रक्ताच्या पेशीपर्यंत

झाडाच्या पेशीला भिंत असते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीला ती नसते, नुसते पातळ पटल असते. साध्या पाण्यात ती फुगते आणि फुटते. तीव्र मिठाच्या पाण्यात आक्रसते. द व्हरीस यांची पद्धत घेऊन हाम्बुर्गर या डच शास्त्रज्ञाने रक्तपेशींवर प्रयोग केले आणि कोणत्या द्रावणात त्या सुरक्षित राहतात ते शोधले. दवाखान्यात लावतात त्या सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असा आकडा असतो. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. एवढ्या मिठाचे पाणी रक्तपेशीतून पाणी ओढत नाही आणि तिच्यात लोटतही नाही. हे हाम्बुर्गर १८८८ पासून उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेतच प्राध्यापक होते. कोल्बे यांनी हिणवलेली शाळा ती हीच!

समुद्राच्या पाण्याने तहान का भागत नाही, हेही यावरून कळते. ते रक्तापेक्षा कितीतरी खारे असते. ते प्यायल्यावर जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला आपलेच पाणी खर्चावे लागते.

सन्मान आणि अखेर

अॅम्स्टरडॅममध्ये अठरा वर्षे शिकवल्यावर प्राथमिक व्याख्याने आणि परीक्षांचा भार त्यांना असह्य झाला. १८९६ मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे आठवड्याला एकच व्याख्यान आणि उरलेला वेळ संशोधनासाठी अशी व्यवस्था होती. जर्मनीतील श्टासफुर्ट येथे जमिनीखाली क्षारांचे प्रचंड साठे आहेत. प्राचीन समुद्र आटताना ते क्षार कोणत्या क्रमाने जमले असतील, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. पदार्थ बदलले तरी विषय पाणी आणि मीठ हाच राहिला.

१९०१ मध्ये नोबेल पारितोषिके प्रथमच देण्यात आली. रसायनशास्त्राचे पारितोषिक व्हान्ट हॉफ यांना मिळाले. रासायनिक क्रियांच्या गतीचे नियम आणि द्रावणांतील परासरण दाब यांसाठी ते होते. तरुणपणी ज्या पुस्तिकेची थट्टा झाली होती, तिचा त्यात उल्लेखही नव्हता. एका माणसाने दोन वेगळ्या क्षेत्रांत पाया घातला होता.

अखेरच्या वर्षांत क्षयरोगाने त्यांना ग्रासले. १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळील श्टेग्लिट्झ येथे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध

त्यांच्या नियमाचे काम पुढे चालूच राहिले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि मिठातील सोडियम एकत्र आत घेतात, आणि त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणी आत येते. तेथील मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आपल्या मातांनी हे लक्षात ठेवावे. मुलाला जुलाब झाले तर ओआरएसची पुडी आणावी. ती मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. माप चुकवू नये. साखर-मीठ जास्त झाले तर तेच पाणी शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेईल.

पेशीच्या पटलातून पाणी इतक्या झपाट्याने जाते कसे, हे कोडे मात्र आणखी बरीच वर्षे राहिले. १९९२ मध्ये अमेरिकेतील पीटर अॅग्रे यांनी दाखवून दिले की पटलात फक्त पाण्यासाठी सूक्ष्म वाटा असतात आणि एकेका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. त्यांनाही २००३ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या घरात आरओचे यंत्र असेल तर त्यात परासरण दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाण्याला उलट्या वाटेने जायला लावलेले असते.

विद्यार्थी मित्रहो, केमिस्ट्री या शब्दाचे मूळ अरबी अल्-कीमियात आहे. या विद्येशी आपले नाते जुने आहे, पण नात्याचा नुसता अभिमान बाळगून ती येत नाही. व्हान्ट हॉफ यांना रस्त्यात मिळालेले आकडे त्यापूर्वी अनेकांनी वाचले होते. त्यांचा अर्थ व्हान्ट हॉफ यांना लागला, कारण लायडेनला एक वर्ष घालून शिकलेले गणित त्यांच्याजवळ होते, आणि दुसऱ्या विषयाच्या माणसाचे ऐकून घेण्याची वृत्ती होती. जीवशास्त्र घेतले म्हणून गणिताकडे पाठ फिरवू नका, आणि गणित घेतले म्हणून बागेतल्या रोपाकडे डोळेझाक करू नका. शेजारच्या बाकावरचा मित्र काय शिकतो आहे, ते त्याला विचारत जा.

पालकांना एवढीच विनंती की रॉटरडॅमच्या त्या डॉक्टरांकडे एकदा पाहावे. मुलाच्या पोटापाण्याची चिंता त्यांनाही होती, आणि पदविका घेतल्यावाचून त्यांनी त्याला पुढे सोडले नाही. परंतु चोरून प्रयोग करणाऱ्या मुलाला त्यांनी घरात जागा दिली, आणि मन कारखान्यात रमत नाही हे दिसल्यावर त्याची पुढची वाट अडवली नाही. आपल्या संस्थेच्या वर्गांतही असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी आज बसलेली असेल. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तिला जवळ बसवून, तिला काय शिकावेसे वाटते ते विचारावे आणि तिचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे.